न भरवलेल्या कालवडीचं दूध

ताईंचा हात गेला अशी बोलवा उठली, तेव्हा त्यांना गायी भरवायला लागून बावीस वर्षं झाली होती.

हात गेला म्हणजे काही मोडला-बिडला नव्हता. कृत्रिम रेतनाच्या कामात सगळी मदार डाव्या हातावर असते. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून तो हात गायीच्या मागच्या वाटेने आत घालायचा, आतड्याच्या पातळ भिंतीतून गर्भाशयाचं तोंड चाचपून मुठीत धरायचं आणि उजव्या हातातली लांब बारीक नळी त्या तोंडातून अलगद पुढे सरकवायची. डोळे तेव्हा बिनकामाचे. जे दिसायचं ते बोटांना दिसतं. ताईंच्या बोटांना इतकं स्वच्छ दिसायचं की दीड महिन्याचा गर्भ त्या नुसत्या चाचपून सांगत, आणि जनावरांचे डॉक्टर नंतर सोनोग्राफीचं मशीन लावून 'बरोबर' म्हणत.

सुरुवातीला लोक हसले होते. बाईमाणूस गाय भरवणार म्हटल्यावर गोठ्याच्या दाराशी बघे जमायचे. ताई मुळात फटकळ. "बघा, बघा, फुकट आहे," म्हणायच्या आणि कामाला लागायच्या. गायींना वासरं व्हायला लागली तसे हसणारेच फोन करू लागले. आता दुचाकीच्या मागे द्रव नायट्रोजनचं जड कॅन बांधून त्या रोज चाळीस-पन्नास किलोमीटर फिरत. कॅनमध्ये गोठवलेल्या रेताच्या काड्या असत. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो लोकांना सांगायचा, "आमच्या दोघांचा धंदा एकच. वेळ चुकली की सगळं चुकलं." ते खोटं नव्हतं. गाय माजावर सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या सकाळी. तेवढी वेळ हुकली की पुढचे एकवीस दिवस वाट बघण्यात जातात.

ताईंचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दोघा भावांचा गोठा. अडतीस दुभत्या गायी, अकरा कालवडी. थोरले जनावरं बघत, धाकटे शेत आणि वैरण. दोघांची नावं असून नसल्यासारखी होती. सगळे त्यांना थोरले आणि धाकटे असंच म्हणत, आणि थोरल्यांच्या बायकोला वहिनी. धाकट्यांचं लग्न झालं नव्हतं. त्यांचा जीव मातीत. त्या वर्षी त्यांनी ओढ्याकडच्या तीन एकरांत लसूणघास लावला होता. बहुतेकांकडे घास तुकड्यापुरता असतो, तोंडी लावायला. धाकट्यांचा घास म्हणजे गालिचा होता. कोणी आलं की आधी घास दाखवायचे, मग पाणी विचारायचे. "प्रथिनं आहेत प्रथिनं," म्हणायचे. "सरकी विकत आणायची गरज नाही." दूधही वाढलं होतं, त्यामुळे थोरलेही खूश होते.

पहिल्या चार गायी उलटल्या, म्हणजे भरवून एकवीस दिवसांनी पुन्हा माजावर आल्या, तेव्हा कोणी ते मनावर घेतलं नाही. चार उलटतातच. पुढच्या महिन्यात नऊ उलटल्या. काही तर एकवीस दिवसही थांबल्या नाहीत. बारा दिवसांनी, पंधरा दिवसांनी, मनाला येईल तेव्हा माजावर येत. एक सतरा नंबरची गाय आठवडाभर माजावरच होती. दिवसभर दुसऱ्यांच्या अंगावर चढायची आणि सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, टाकत फिरायची.

"ताई," थोरले हात धुताधुता म्हणाले, "तुमचं कॅन बरं आहे ना?"

प्रश्न साधा होता. पण बावीस वर्षांत तो कोणी विचारला नव्हता.

ताईंनी त्याच दिवशी कॅनमध्ये पट्टी बुडवून नायट्रोजन मोजला. पुरेसा होता. त्याच खोक्यातल्या दोन काड्या घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर वयाने लहान, तिशीतले, पण कामाला चोख. त्यांनी काडी कोमट पाण्यात वितळवली, थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"या, बघा. शुक्राणूंचे जथ्थेच्या जथ्थे पळताहेत."

ताईंनी पाहिलं. पळत होते.

"मग माझाच हात," त्या म्हणाल्या.

"इतर गोठ्यांत काय?"

ताईंनी वही उघडली. इतर गोठ्यांत तीनपैकी दोन गायी लागत, म्हणजे गाभण राहत होत्या, नेहमीसारख्याच. फक्त या एका गोठ्यात, या महिन्यात, अकरांपैकी दोन. डॉक्टर म्हणाले, "हात गेला असता तर सगळीकडून गेला असता." ताईंना ते पटलं, पण डोक्याला पटलेलं पोटात उतरायला वेळ लागतो. त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. पाळी जाऊन वर्ष उलटलं होतं. कुठेही, कधीही अंगातून आगीचा लोळ उठल्यासारखं व्हायचं, मोज्याच्या आत हात घामाने निथळायचा. झोप तुटकी. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी त्यांना एक पावडर दिली होती, "नैसर्गिक आहे, सोयाबीनमधून काढलेली, काही अपाय नाही," म्हणून. ताई ती सहा महिने घेत होत्या. लोळ थोडे कमी झाले होते. पण आता गायीच्या आत हात घातला की त्यांना वाटायचं, बोटं खरंच पूर्वीसारखी बघतात का? एकदा तर बरोबर पकडलेलं तोंड सोडून पुन्हा शोधलं. असं त्यांनी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

थोरल्यांना त्यांनी वही दाखवली. थोरले वाईट माणूस नव्हते, पण त्यांचं डोकं गोठ्याच्या भिंतीबाहेर जात नसे. "दुसऱ्यांच्या गायींचं मला काय सांगता, ताई? माझ्या लागत नाहीत ते सांगा."

आठवडाभर फोन आला नाही. मग वहिनींचा आला, हलक्या आवाजात. "ताई, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. यांनी लंबूला बोलावलंय."

लंबू म्हणजे पलीकडच्या भागातला नवा रेतनवाला. तीन वर्षं झाली होती त्याला या कामात. उंच, बारीक, बोलायला गोड.

"बरं केलं," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरातली धुतलेली सगळी भांडी त्यांनी पुन्हा धुतली. नवरा बाहेरच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून बसला होता. आवाज ऐकून त्याने भिंग काढलं, पण तो उठला नाही. तीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की भांडी संपेपर्यंत आत जायचं नसतं.

"हात गेला म्हणतात माझा," शेवटी ताईच बाहेर येऊन म्हणाल्या.

"कोण म्हणतं?"

"सगळे. दूध संकलन केंद्रावर चर्चा आहे."

"तिथे मागच्या वर्षी मी मेल्याची पण चर्चा होती," नवरा म्हणाला. "मी स्वतः जाऊन खोडून काढली."

ताई हसल्या नाहीत, पण बसल्या.

लंबूने भरवलेल्या सहा गायींपैकी पाच उलटल्या. हे ऐकून ताईंना बरं वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर वाटलंही, साधारण एक तासभर. मग वहिनींनी पुढची बातमी दिली. थोरले सहा गायी काढून टाकायला निघाले होते. न लागणारी गाय कोण पोसणार आणि ती विकत तरी कोण घेणार, कसायाशिवाय? त्या सहांपैकी चार ताईंनीच भरवलेल्या गायींच्या मुली होत्या.

"आणि आणखी एक," वहिनी म्हणाल्या. "आमची चांदी आहे ना, कपाळावर पांढरं असलेली कालवड? तिने कास केलीय."

"किती महिन्यांची गाभण?"

"गाभण कुठली! अजून एकदाही भरवली नाही तिला. आमच्याकडे भांडण लागलंय. हे म्हणतात शेजारचा वळू कुंपण तोडून आला आणि भाऊजींचं लक्ष नव्हतं. भाऊजी म्हणतात कुंपण शाबूत आहे."

ताईंनी क्षणभर विचार केला. ज्या गोठ्यातून आपल्याला काढलं तिथे न बोलावता जायचं म्हणजे मान खाली घालून जाणं. पण न भरवलेल्या कालवडीची कास त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी मोजे पिशवीत टाकले.

गोठ्यात दोघे भाऊ होते. थोरल्यांनी नजर चुकवली. धाकटे म्हणाले, "या ताई, तुम्हीच सांगा यांना. त्या वळूला पंख फुटले का?"

ताईंनी कोणाशीच वाद घातला नाही. चांदीला दावणीला आखूड बांधून घेतलं, मोजा चढवला, हात घातला. कालवड थोडी चुळबुळली. ताईंनी डोळे मिटले. गर्भाशय हाताला लागलं, फुगीर आणि मऊ, पण आत काही नाही. बीजांडकोशावर मात्र लिंबाएवढा पाण्याचा फुगा. त्या त्यावर बोट टेकवून राहिल्या, पुन्हा एकदा सगळं सावकाश चाचपलं, आणि हात बाहेर काढला.

"गाभण नाही."

"काहीतरीच! ही कास बघा," थोरले म्हणाले.

ताई खाली बसल्या आणि त्यांनी एका सडाला हलकेच पिळलं. तळहातावर पांढुरके, पातळ थेंब पडले. दूधच ते. थोरल्यांनी वाकून ते थेंब पाहिले.

"गाभण नाही तर दूध कुठून आलं?" थोरल्यांचा आवाज आता भांडणाचा राहिला नव्हता.

ताई उठल्या आणि बाकीच्या कालवडींच्या मागून फिरल्या. आणखी तिघींच्या कासा वयाच्या मानाने भरलेल्या होत्या. दोघींचं मागचं अंग सुजल्यासारखं लाल. एकीला काही होतं तर रोग म्हणता येतो. चौघींना एकदम तेच होत असेल तर बघायची जागा त्यांच्या पोटात नाही, पुढ्यात असते. त्या गव्हाणीकडे वळल्या.

"कालवडींना काय घालता?"

"उत्तमातलं उत्तम," धाकटे म्हणाले. "वाढीचं वय त्यांचं. गायींना घास निम्मा, मक्याची कुट्टी निम्मी. कालवडींना नुसता घास, पोटभर."

ताईंनी गव्हाणीतून मूठभर घास उचलला आणि दाराशी उजेडात नेला. पानांवर तपकिरी ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे, एकेका पानावर पंधरा-वीस. खालची पानं पिवळी पडून गळत होती.

"हे कधीपासून?"

"ढगाळ हवा होती ना दोनेक महिने, तेव्हापासून. थोडा टिक्का पडलाय. जनावरं आवडीने खातात, काही होत नाही," धाकटे म्हणाले आणि बोलता बोलता थांबले.

ताईंना काही माहीत होतं असं नाही. त्यांना फक्त दिसत होतं. त्यांनी तो घास पिशवीत भरला आणि सरळ डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पान उलटंपालटं केलं आणि खुर्ची मागे सरकवून कपाटातली जुनी वही काढली. कॉलेजातली होती. बराच वेळ पानं चाळून एका जागी थांबले.

"एक ओळ आहे, ताई. परीक्षेला कधी आली नाही म्हणून विसरलो होतो." त्यांनी वाचून दाखवलं आणि मग साध्या भाषेत सांगितलं. काही वनस्पतींमध्ये असे पदार्थ असतात की ते शरीरात गेले की मादीच्या संप्रेरकासारखे वागतात. इस्ट्रोजेनसारखे. घासातही असा एक असतो, कुमेस्ट्रॉल नावाचा. निरोगी पानात कमी. पण पानावर बुरशीचे ठिपके पडले, मावा पडला, की झाड स्वतःच्या बचावासाठी तो जास्त बनवतं. कैक पटींनी.

"म्हणजे झाड आपला जीव वाचवतं, आणि गाय..."

"गायीच्या शरीराला वाटतं हुकूम आतूनच आलाय. माज दाखव, कास भर. पण ज्या क्रमाने यायला हवा त्या क्रमाने तो येत नाही. म्हणून बीज वेळेवर सुटत नाही, गाठी होतात, गर्भ धरत नाही."

"हेच असेल?"

"असू शकतं. नमुना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवतो. पण उत्तर यायला महिना जाईल."

ताई उठल्या आणि पुन्हा बसल्या. "डॉक्टर, सोयाबीनच्या पावडरीत पण हेच असतं का? बायकांना देतात ती."

"भाऊबंद असतात. त्यासाठीच तर देतात. का?"

"मी घेते."

डॉक्टर अवघडले. "ताई, मी चार पायांवाल्यांचा. दोन पायांवाल्यांचं मला विचारू नका. पण कोणाला तरी विचारा."

घरी येऊन ताईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि भिंग पुसत म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचं चाक कधी कधी या घड्याळात बसतं. अगदी फिट बसतं. फिरतंही. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. आणि चार दिवसांनी बस चुकली म्हणून भांडायला येतं."

दुसऱ्या दिवशी गोठ्यात हे बोलणं निघालं, तेव्हा धाकटे असे भडकले की त्यांना तसं कोणी कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या घासाला विष म्हणता? तीन एकर मी हाताने निंदलाय. जगात सगळे घास घालतात, त्यांच्या गायी वांझ झाल्या का? आधी म्हणाले कॅन, मग म्हणाले हात, मग वळू, आता माझा घास. उद्या म्हणाल माझी सावली पडते."

"मी विष म्हटलं नाही," ताई म्हणाल्या. "मला माहीत नाही, असं म्हणतेय. तुम्हालाही माहीत नाही. मग बघू या ना. गायींच्या दोन रांगा करा. न लागणाऱ्यांपैकी आठ एकीकडे, आठ दुसरीकडे. एका रांगेचा घास पूर्ण बंद, मका आणि सुकी वैरण घाला. दुसरीला आहे ते चालू ठेवा. दोन्हीकडे भरवणार मी. हात तोच, कॅन तेच. माझा हात गेला असेल तर दोन्हीकडून जाईल."

थोरले मान हलवत होते. "त्यात साडेतीन-चार महिने जातील. तेवढे मी त्या सहांना पोसू?"

आतापर्यंत दाराला टेकून उभ्या असलेल्या वहिनी पुढे आल्या. "गेल्या चार महिन्यांत तुम्ही तीन जणांवर आळ घेतलात, एक वळू धरून. आता कोणाचंही नाव न घेता जरा थांबून बघा. कसाई कुठे पळून चाललाय?"

धाकट्यांनी रागारागाने का होईना, स्वतःच खडूने गव्हाणींवर खुणा केल्या. कालवडींचा घास मात्र सरसकट बंद करायचा असं ताईंनी सांगितलं आणि तो त्यांनी लगेच गव्हाणीतून काढला. चांदीच्या कासेकडे ते आताशा बघतच नव्हते.

भरवण्याआधी सहा आठवडे नुसते जाऊ द्यायचे होते, शरीरातून जुनं निघून जायला. त्या मधल्या दिवसांत ताईंनी एक गोष्ट केली, जी त्या कधीच्या टाळत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना दोन दिवस थोडं रक्त दिसलं होतं. पाळी जाऊन दीड वर्ष होत आलेलं. थकव्याने असेल म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आता ती पावडरीची बाटली हातात घेऊन त्या बायकांच्या डॉक्टरकडे गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी बाटली वाचली, तारखा विचारल्या आणि तपासणीच्या टेबलाकडे बोट दाखवलं. ताई टेबलावर आडव्या झाल्या आणि त्यांच्या मनात आलं की रोज दहा जणींना तपासणाऱ्या बाईला स्वतःला कोणी तपासून अकरा वर्षं झाली. त्या पाय ताठ करून पडल्या होत्या.

"सैल सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मीही हेच सांगते त्यांना," ताई म्हणाल्या. "त्या का ऐकत नाहीत ते आज कळलं."

गर्भाशयात एक छोटा मांसल कोंब निघाला. तो काढला, तपासायला पाठवला. अहवाल चांगला आला, काळजीचं काही नव्हतं. "हे पावडरीमुळे झालं का?" ताईंनी विचारलं.

"झालं असं मी म्हणणार नाही, नाही असंही म्हणणार नाही. जेवणात सोयाबीन खाण्याला कोणी घाबरायचं कारण नाही. पण अर्क काढून डब्यात भरलेलं, किती आहे ते धड लिहिलेलं नाही, आणि विचारल्याशिवाय इतके महिने... तूर्त बंद करा. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं की त्याच आठवड्यात यायचं. हे लक्षात ठेवा, आणि तुमच्या त्या गोठ्यांतल्या बायकांनाही सांगा."

नवरा बाहेर बाकावर बसला होता. त्याला सगळं तेव्हाच कळलं. घरी आल्यावर दाराचं कुलूप काढताना तो म्हणाला, "पुन्हा असं एकटीने ठेवायचं नाही." ताई "बरं" म्हणाल्या. लोळ परत यायला लागले, पण आता सकाळी घ्यायला डॉक्टरीणबाईंनी दिलेलं दुसरं औषध होतं आणि डिकीत एक जाडसर रुमाल.

प्रयोगशाळेचा कागद आला. घासात कुमेस्ट्रॉलचं प्रमाण भरपूर होतं, निरोगी घासात असतं त्याच्या कितीतरी जास्त. पण ताईंनी थोरल्यांना कागद वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "कागद राहू द्या, गाय काय म्हणते ते बघू." ते योग्यच होतं.

सोळा गायी दोन-तीन आठवड्यांत माजावर आल्या तशा ताईंनी भरवल्या. पाणी मोजून कोमट, काडी मोजून अर्धं मिनिट, वेळ घड्याळावर. पहिल्या गायीला त्यांनी पकडलेलं तोंड पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. तिसरीला नाही.

पन्नास दिवसांनी तपासणी होती. डॉक्टर मशीन घेऊन आले होते, पण थोरले म्हणाले, "आधी ताई सांगतील." ताईंनी घास बंद केलेल्या रांगेपासून सुरुवात केली. पहिली, हो. दुसरी, हो. तिसरी नाही. चौथी, हो. सतरा नंबर, जी आठवडा-आठवडा माजावर राहायची, तिच्यात हात घालून ताई जरा जास्त वेळ थांबल्या. गर्भाशयाच्या एका शिंगाशी मऊ, भरलेला फुगवटा होता, बोटांखाली निसटून जाणारा. "हो," त्या म्हणाल्या. आठांपैकी सहा. घास चालू असलेल्या रांगेत आठांपैकी एक. डॉक्टरांनी मशीन लावलं आणि सगळीकडे मान डोलावली.

थोरल्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "ताई, मी चहा टाकायला सांगतो," म्हणाले. ही त्यांची क्षमा मागायची रीत होती हे सगळ्यांना कळलं. वहिनी म्हणाल्या, "चहा मी टाकते. तुम्ही तोंडाने बोला." तेव्हा थोरले खाली बघत म्हणाले, "चुकलं माझं. मी तुमची वही बघायला हवी होती." ताई म्हणाल्या, "बघायला हवी होती," आणि हात धुवायला गेल्या.

धाकटे तिथे नव्हते. ताईंना ते ओढ्याकडच्या शेतात सापडले. घासाचा एक पट्टा त्यांनी जमिनीलगत कापून काढला होता आणि विळा बाजूला ठेवून बांधावर बसले होते.

"सगळा उपटतो," ते म्हणाले. "मी त्या कालवडींना हाताने भरवला, ताई. दुसऱ्यांच्या वाट्याचा काढून यांना घातला."

ताई त्यांच्या शेजारी बसल्या. फटकळ बाई, समजूत घालायची सवय नाही. "उपटू नका," त्या म्हणाल्या. "घासाने काही पाप केलेलं नाही. त्याच्यावर रोग आला, त्याने आपलं बघितलं. तुम्ही ठिपके पडायच्या आत कापा. फुलावर येऊ देऊ नका. ठिपके पडलेच तर तो पट्टा कापून टाकून द्या. आणि भरवायच्या गायींना, कालवडींना थोडा, तोंडी लावायला. आधीच गाभण आहेत त्यांचं मात्र मी डॉक्टरांना विचारून सांगते, अंदाजाने नाही."

"आणि चांदी?"

"फुगा बसलाय तिचा. मागच्या आठवड्यात नीट माजावर आली होती. पुढच्या वेळी भरवू. लागेल असं वाटतं, पण शब्द देत नाही."

धाकट्यांनी विळा उचलला. अंगठ्याने त्याची धार तपासली. "तुम्ही मला गोठ्यात सगळ्यांसमोर काही बोलल्या असतात तरी चाललं असतं," ते म्हणाले.

"कशाला? तुमच्याकडे माझ्याशिवाय बोलणारे कमी आहेत का?"

धाकटे त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

महिनाभराने लंबू ताईंच्या घरी आला. दारात उभा राहून पायाने फरशी उकरत होता. त्याच्या भागातल्या एका गोठ्यात गायी लागत नव्हत्या आणि तिथेही घास होता. "ताई, तुम्ही बघून याल का? मी मालकांना सांगितलंय, घासामुळे असणार."

"सांगून मोकळा झालास? पान तरी बघितलंस का?"

ताई त्याच्याबरोबर गेल्या. आधी गव्हाण बघितली, मग शेतात जाऊन घास बघितला. कोवळा, हिरवागार, पानावर डाग म्हणून नाही, आणि गायींना मिळत होता तोही चिमूटभर. कालवडींच्या कासा वयाप्रमाणे लहान, माज एकवीस दिवसांनी घड्याळासारखा. ताई परत गोठ्यात आल्या. नेमकी एक गाय माजावर होतीच. "भरव बघू," त्या लंबूला म्हणाल्या, "मी नुसती उभी राहते."

लंबूने कॅन उघडलं, काडी काढली आणि बादलीतल्या पाण्यात बुडवली. ताईंनी बादलीत बोट घातलं. पाणी नळाचं होतं, थंडगार.

"असंच करतोस रोज?"

"कोमट पाणी प्रत्येक ठिकाणी कुठे मिळणार, ताई? वितळतं ना."

"वितळतं. आणि त्यातले निम्मे मरतात." त्यांनी मालकाला हाक मारून किटलीभर पाणी तापवायला सांगितलं आणि पिशवीतून आपला तापमापक काढून लंबूच्या हातात दिला. "घासाचं नाव मालकासमोर तूच मागे घे. मग दुसरी काडी काढ. पस्तीस अंशाच्या खाली नको, अर्ध्या मिनिटाच्या आत नको. मी वेळ मोजते."